मोबाईल चालतोय की

फाल्गुनातली सकाळ, सातला दहा कमी. कोल्हापुरातल्या एका सार्वजनिक बागेच्या फाटकावर मला अडवलं. गळ्यात कॅमेरा, खांद्यावर घडीचा ट्रायपॉड. आतला पांगारा आदल्या दिवशी रस्त्यावरून दिसला होता, झाडावर पान एक नाही आणि फांदीफांदीच्या टोकाला लालभडक तुरे. तेवढ्यासाठी अंथरूण लवकर सोडलं होतं. रखवालदार मामा खुर्चीतून न उठताच म्हणाले, "सायेब, कॅमेरा आत न्यायचा न्हाई. वरनं ऑर्डर हाय."

"मामा, फुलांचे फोटो काढायचेत. लग्नाचे नाहीत."

"ते मला काय ठावं? कॅमेरा दिसला की पावती, न्हाईतर परत. मोबाईल चालतोय की."

कॅमेरा डिकीत ठेवून आत गेलो. पांगाऱ्याखाली चार-पाच पोरं होती. एकानं फांदी खाली ओढून धरली होती, दुसरा तिच्यावरचा तुरा गालाशी घेऊन सेल्फी काढत होता, तिसरा या सगळ्याचा व्हिडिओ करत होता. पांगाऱ्याला काटे असतात हे त्यांना ठाऊक नसावं. ओढणाऱ्याच्या तळहातात काटा शिरला, त्यानं एक कोल्हापुरी शिवी हासडून फांदी सोडली, ती सटकन वर गेली आणि दोन तुरे तुटून खाली आले. ते तिथंच चपलांखाली गेले. सगळ्यांच्या हातात मोबाईल होते, म्हणजे नियमाप्रमाणे सगळं रीतसर चाललं होतं.

मला राग मामांचा आला नाही, पोरांचाही फारसा नाही. राग आला तो नियमाचा. बागेत काय आणलं यावर नियम आहे, बागेत काय केलं यावर नाही. माझं म्हणणं सरळ आहे: फुलांच्या फोटोग्राफीसाठी सार्वजनिक बागांनी यंत्र बघून माणूस अडवणं बंद करावं. अडवायचंच तर वागणं बघून अडवावं, पैसे घ्यायचेच तर अडवलेल्या जागेचे घ्यावेत, आणि उरलेल्या फोटोवाल्यांना बागेच्या कामाला लावावं.

आता यंत्राचंच बघू, कारण इथं नियम चक्क उलटा पडलाय. मोबाईलची मुख्य लेन्स रुंद असते. तिच्यात फूल मोठं दिसायला हवं असेल तर फुलाजवळ हातभर अंतरावर जावं लागतं. फूल उंच असलं तर फांदी खाली आणावी लागते, वाफ्यातलं असलं तर वाफ्यात उतरावं लागतं. गळ्यातल्या ज्या मोठ्या कॅमेऱ्याला फाटकावर अडवतात, त्याला 200 किंवा 300 मिलिमीटरची लेन्स लावली की माणूस पायवाटेवर उभा राहून वीस फुटांवरच्या तुऱ्यातला परागकोश टिपू शकतो. त्याला जवळ जायची गरजच नसते, उलट जवळ गेलं तर त्याचं फोकस बसत नाही. नव्या महागड्या मोबाईलना दूरच्या लेन्सही आल्यात, हे मान्य. पण बागेत येणाऱ्या बहुतेकांच्या हातात तसला मोबाईल नसतो, आणि असला तरी सवय हात लांब करून पुढं घुसण्याचीच असते. झाडापासून लांब राहू शकणारा माणूस बाहेर आणि झाडाला लोंबकळणारा आत, असा हा बंदोबस्त.

ट्रायपॉडची भीती मी समजू शकतो. तीन पाय पसरले की चालणाऱ्याची वाट अडते. मग लिहा ना तसं: सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत पायवाटेवर ट्रायपॉड नको. एवढं एक वाक्य पुरेल.

नुकसान नेमकं कशानं होतं, याबद्दल आपल्याकडे थोडा भाबडेपणाही आहे. चार फुलं पडली की "झाडाला दुखतं हो" म्हणणारे लोक आहेत. खरं सांगायचं तर फुलं पडल्यानं बहावा मरत नाही. बहाव्याच्या लोंबत्या घोसात कितीतरी फुलं असतात आणि त्यातल्या मोजक्यांच्याच शेंगा होतात. बाकीची तशीही गळायचीच. झाडानं तो हिशेब धरलेलाच असतो. फांदी मोडली की मात्र जखम उघडी राहते, तिच्यातून बुरशी आणि कीड आत शिरते. आणि सगळ्यात मोठं नुकसान तर फोटोत दिसतच नाही, ते बुंध्याशी होतं. झाडाची पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळं बहुतेक करून मातीच्या वरच्या फूट-दीड फुटात पसरलेली असतात. तिथं महिनाभर रोज शेकडो पावलं पडली की माती दाबून घट्ट होते, तिच्यातली हवा जाते, पाणी मुरायच्या ऐवजी वाहून जातं. गुलमोहरासारख्या उथळ मुळांच्या झाडाला हे आणखी जड जातं. पुढं दोन-चार वर्षांनी झाड वरून वाळायला लागतं आणि आपण म्हणतो, उन्हाळा फार कडक झाला.

म्हणून बहर असेल तेवढे आठवडे झाडाभोवती पाच-सहा फुटांवर सुतळी बांधून वर्तुळ केलं आणि आत पालापाचोळा पसरला, तरी बरंच काम होईल. खर्च? सुतळीचा. फोटोही चांगले येतील, कारण खाली पडलेल्या फुलांचा गालिचा तुडवला जाणार नाही.

इथं मला माझंही एक पाप सांगून टाकायला हवं. फोटोग्राफीचं नवं वेड लागलं होतं तेव्हाची गोष्ट. पांढऱ्या कांचनाचं एक फूल सुंदर होतं, पण मागं कचऱ्याचा डबा येत होता. मी फांदी जरा वळवली आणि दोऱ्यानं शेजारच्या फांदीला बांधली. मग घरून आणलेल्या फवाऱ्यानं पाकळ्यांवर पाणी मारलं, दव म्हणून. वेळ सकाळी अकराची. अकरा वाजता कोल्हापुरात मार्चमध्ये कुठलं आलंय दव? दोरा सोडताना फांदी काडकन मोडली. त्या फोटोला एका स्पर्धेत शाबासकी मिळाली. पाकळीवरच्या थेंबांचं कौतुक झालं. तो फोटो मी आता कुणाला दाखवत नाही, पण त्यानं एक गोष्ट शिकवली: मोठा कॅमेरा हातात असणारा माणूसही तेवढाच नतद्रष्ट असू शकतो. म्हणून कॅमेरेवाल्यांना सरसकट मोकळीक द्या, असं मी म्हणत नाही. वागण्याचा नियम दोघांनाही सारखा लागू द्या. फांदीला हात नाही, वाफ्यात पाय नाही, घरट्याच्या जवळपास नाही.

घरट्यांचं थोडं विस्तारानं सांगायला हवं. आपल्याकडं पानगळीनंतर फुलणारी पळस, पांगारा, काटेसावर ही झाडं पक्ष्यांसाठीच फुलतात म्हणा ना. फुलात मध भरपूर, पानांचा अडथळा नाही, लाल-केशरी रंग लांबून दिसणारा. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, सगळ्यांची पंगत बसते, आणि काटेसावरीवर रात्री वटवाघळंही येतात. पुढं उन्हाळ्यात यातल्या बऱ्याच पक्ष्यांची वीण असते. शिंजिराचं लोंबतं घरटं इतकं नाजूक की माणसाची सततची ये-जा झाली तर मादी ते सोडून जाऊ शकते. घरट्याचा फोटो काढू नये हा जाणत्या पक्षीनिरीक्षकांचा संकेत आहे. बागेच्या पाटीवर तो कुठं दिसत नाही. ड्रोनचं तर बोलायलाच नको. बहरलेल्या झाडाभोवती ड्रोन घोंघावत असला की बिचारे पक्षी जेवणावरून उठतात.

आता पैशाचा प्रश्न. बागांनी कॅमेऱ्याविरुद्ध कंबर कसली ती प्री-वेडिंगमुळं, हे उघड आहे. रंकाळ्याचा काठ असो की कुठली बाग, लग्नसराईच्या आधी नवरा-नवरी, दोन फोटोग्राफर, एक मेकअपवाली, कपड्यांच्या बॅगा आणि धुराच्या नळकांड्या असा लवाजमा येतो. बहाव्याच्या झाडाखाली नवरी उभी राहते आणि सहायक पोरगा वर चढून फांद्या गदागदा हलवतो, कारण फुलांचा पाऊस पडायला हवा असतो. अर्धा-पाऊण तास ती जागा त्यांची. आजोबा आपलं बाकडं सोडून दुसरीकडं जातात.

हा धंदा आहे आणि धंद्यानं पैसे द्यावेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शुल्क किती असावं ते महापालिकेनं ठरवावं, पण ते तासावर आणि माणसांच्या संख्येवर असावं. पावतीवर जागा आणि वेळ लिहिलेली असावी, आणि गोळा झालेली रक्कम त्याच बागेतल्या झाडांभोवतीच्या आळ्यांवर, खतावर, पाट्यांवर खर्च व्हावी. ती एकदा सर्वसाधारण तिजोरीत गेली की तिचं पुढं काय झालं ते कुणाला विचारणार? फोटोग्राफर मंडळींनाही हे परवडतं. एका लग्नाच्या हिशेबात बागेची पावती म्हणजे चहापाण्याचा खर्च. त्यांना त्रास होतो तो पैशाचा नाही, रोज वेगळा नियम सांगितला जातो त्याचा. शनिवारी चालतं, रविवारी चालत नाही, ओळख असली की कधीही चालतं.

पण याच चाळणीत एकटा येणारा हौशी माणूसही अडकतो, तिथं माझं बिनसतं. आणि हे कोल्हापुरात व्हावं, याचं जास्त वाईट वाटतं. हे गाव बघणाऱ्यांचं आहे. चित्रकार आबालाल रहिमान कोटीतीर्थ तलावाच्या काठी राहिले आणि तिथलं पाणी, झाडं, उजेड रंगवत राहिले. ते 1931 साली गेले, तोवर निसर्गचित्रणाची जी चट त्यांनी या गावाला लावून ठेवली, ती अजून सुटलेली नाही. आजही सुट्टीच्या सकाळी घाटावर, रंकाळ्यावर पोरं कागद-रंग घेऊन बसलेली दिसतात. 1918च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी याच गावात खटपट करून स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला. खरी कॉर्नरला आपण कॅमेऱ्याचं स्मारक उभारलंय. म्हणजे चौकात कॅमेऱ्याला हार आणि बागेच्या फाटकावर कॅमेऱ्याला अटकाव! चित्रकार बागेत इझल मांडून तीन तास बसला तर त्याला कुणी पावती मागत नाही, उलट चार माणसं मागं उभी राहून कौतुकानं बघतात. इझललाही तीनच पाय असतात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. सकाळी बागेत बायका चालायला येतात, व्यायाम करतात, हास्यक्लबात दोन्ही हात वर करून हसतात. कुणीतरी लांब लेन्स रोखून उभं आहे हे दिसलं की त्यांना अवघडल्यासारखं होतं. वीस फुटांवरून तुरा टिपता येतो म्हणून मी मघाशी जिचं गुणगान केलं, तीच लेन्स पन्नास फुटांवरून माणूसही टिपते. माझ्या वहिनींनी मला हे स्पष्ट ऐकवलंय: "भावजी, तुम्ही झाडाचा फोटो काढताय हे तुम्हाला माहीत. आम्हाला लांबून कसं कळणार?" याला माझ्याकडं जोरदार उत्तर नाही, काही साध्या सवयी आहेत. कॅमेरा झाडाकडे वर, माणसांच्या उंचीला नाही. चौकटीत कुणी येत असेल तर थांबायचं. कुणी विचारलं तर लगेच पडदा दाखवायचा, आणि पुसा म्हणाले तर पुसायचं. फाटकावर नाव आणि फोन नंबर लिहायला लावलं तरी माझी हरकत नाही. खरं तर तेच करावं. नोंद केलेला माणूस जपून वागतो. मोबाईलवाल्यांची अशी नोंद करणं शक्य नाही, हेही खरं. पण अवघडलेपणाचं कारण तिथंही तेवढंच आहे, फक्त मोबाईलची आपल्याला सवय झालीय.

दुसरा एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो मला जास्त छळतो. फोटोत चांगली दिसणारी झाडंच लोकांना आवडायला लागतात. मुंबईत विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेला गुलाबी टॅबेबुया फुलला की त्याचे फोटो दरवर्षी मोबाईलमोबाईलवर फिरतात, आणि मग प्रत्येक गावाला आपला एक गुलाबी रस्ता हवासा वाटतो. टॅबेबुया मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, नीलमोहरही दक्षिण अमेरिकेतला, गुलमोहर मादागास्करचा. मी या झाडांच्या विरोधात नाही. गुलमोहराशिवाय मला वैशाख आठवत नाही. पण करंजाची बारीक जांभळट फुलं, कडुनिंबाचा पांढरा मोहर, वावळ्याची कुणाला दिसतही नाहीत अशी फुलं यांचे फोटो कोण काढतो? मधमाश्यांना विचारलं तर त्या करंजाचं नाव आधी सांगतील. ताम्हण तर आपलं राज्यफूल, तरी बागेत त्याच्यासमोर उभं राहून "हे कुठलं ओ?" विचारणारे मला दर उन्हाळ्यात भेटतात.

यावर उपाय कॅमेरा बंद करणं हा नाहीच. फोटो काढणाऱ्यानं थोडं थांबायला शिकलं पाहिजे. पळसाचंच घ्या. सगळ्यांत जास्त फोटो पळसाचे आणि सगळ्यांत जास्त बिघडलेलेही पळसाचेच. त्याचा केशरी इतका जहाल की कॅमेऱ्याचा लाल रंग काठोकाठ भरून सांडतो आणि पाकळीवरची लव, तिच्या शिरा, सगळं एका सपाट भगव्या डागात बुडतं. उजेड थोडा कमी धरावा लागतो आणि सूर्य फुलाच्या मागं असताना फोटो घ्यावा लागतो. मग ती पोपटाच्या चोचीसारखी पाकळी आतून पेटल्यासारखी दिसते, आणि काळ्या मखमली देठाशी चाललेली मुंग्यांची रांगही दिसते. एवढं बघायला त्याच झाडाशी तीन-चार सकाळी जावं लागतं. तीन-चार सकाळी एकाच झाडाशी गेलेला माणूस त्याची फांदी ओढत नाही, हा माझा अनुभव.

इथून मी बागांकडं मागणं मागतो. क्योतोमध्ये चेरीचा बहर कधी आला याच्या नोंदी दरबारी रोजनिशांमधून आणि इतिवृत्तांतून नवव्या शतकापासून काढता आल्या आहेत. म्हणून 2021 साली 26 मार्चला तिथं पूर्ण बहर आला तेव्हा तो बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा, असं ठामपणे सांगता आलं. हवा तापते आहे याचा पुरावा तिथं फुलांनी दिला, आणि तो टिकला कारण कुणीतरी तारीख लिहून ठेवली होती. आपल्याकडं सीझनवॉचसारखा उपक्रम आहे, त्यात कुणीही आपल्या परिसरातलं एखादं झाड निवडून दर आठवड्याला त्याची पानं-फुलं-फळं नोंदवू शकतो. पण गावच्या बागेत अशी नोंदवही कुठं दिसते? "औंदा बहावा लवकर फुलला, पाऊस लवकर येणार" असं पारावर सगळे म्हणतात. लवकर म्हणजे कुठल्या तारखेच्या आधी, ते कुणी सांगत नाही.

हौशी फोटोग्राफरकडं ही तारीख आयती असते. डिजिटल फोटोच्या पोटात दिवस, तास, मिनिट सगळं नोंदलेलं असतं. बागेनं झाडांना क्रमांक आणि नावाच्या पाट्या लावाव्यात, आणि फाटकावर सांगावं: आत या, हवे तेवढे फोटो काढा, फक्त झाडाच्या क्रमांकासह एक फोटो आम्हाला पाठवा. पाच-दहा वर्षांत शहराच्या बहराचं पंचांग तयार होईल. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची बोटॅनिकल गार्डन आपल्याच सागरमाळावर आहे, कंदीलपुष्पांच्या, म्हणजे कंदिलासारख्या दिसणाऱ्या दुर्मीळ रानफुलांच्या, संवर्धनासाठी नावाजलेली. वनस्पती ओळखणारी माणसं गावात आहेत, ती बाहेरून आणायची नाहीत.

कंदीलपुष्पांचा विषय निघाला म्हणून सांगतो, ती पावसाळ्यातली, वसंतातली नव्हेत. पण त्यांच्यामुळं एक अपवाद करावा लागतो. दुर्मीळ वनस्पतीचा फोटो टाकताना ठिकाण सांगू नये आणि फोटोतली जागेची खूणही काढून टाकावी. कंद उकरून नेणारे लोक असतात. बहाव्याचा पत्ता सगळ्या गावाला सांगा, तो कुणी खिशात घालून नेणार नाही.

साताऱ्याच्या कास पठारानं हे सगळं आपल्याआधी भोगलंय. 2012 साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यात कास होतं, आणि मग लोटलेली गर्दी फुलांवर बसून फोटो काढायला लागली. तिथं आगाऊ नोंदणी आली, माणसांची संख्या बांधली गेली, चालायच्या वाटा आखल्या. कॅमेरा घेऊन आलेल्याला मात्र कुणी परत पाठवलं नाही. कॅलिफोर्नियात लेक एल्सिनोर गावाजवळच्या टेकड्यांवर 2019च्या मार्चमध्ये केशरी पॉपी फुलले तेव्हा एवढी गर्दी उसळली, की गावाला रस्ता बंद करायची पाळी आली. सेल्फीच्या नादात फुलंही तुडवली गेली.

गेल्या महिन्यात मी त्याच बागेत पुन्हा गेलो. नियम तोच होता, म्हणून रिकाम्या गळ्यानं. मामांनी ओळखलं.

"काय सायेब, कॅमेरा आणला न्हाई?"

"चालत नाही ना, मामा."

"व्हय व्हय." मग इकडंतिकडं बघून त्यांनी खिशातून मोबाईल काढला, काचेला तडा गेलेला. "ह्यो बघा." पांगाऱ्याच्या तुऱ्यात डोकं खुपसलेली मैना, कपाळाला पिवळे पराग लागलेले. फाटक उघडायच्या आधी, खुर्चीत बसल्याबसल्या काढलेला. त्यांनी बोटानं मागं मागं सरकवलं. तोच पांगारा, नुसत्या कळ्या. तोच पांगारा, पानं गळताना. मग मागच्या साली पहिलं फूल आलं तो दिवस.

"औंदा आठ दिस आधी आला बघा," मामा म्हणाले.